दोनदा दाबलेला क्लच

आई, तुझी झेन परवा रविवारी सोसायटीच्या गेटातून स्वतःच्या पायांनी आत आली. चाकांनी म्हणायला हवं, पण तू तिच्याबद्दल माणसासारखंच बोलायचीस, म्हणून मीही तसंच लिहिते. टो करून आणली नाही, ढकलून आणली नाही. चालवत कोण होतं ते शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण तुला दम धरवत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा आताच सांगते. मी चालवत होते. हस. बारा वर्षांनी हसायला कारण मिळालंय, पोटभर हसून घे.

तू गेल्यावर गाडीचं काय झालं ते आधी सांगते, आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. आम्ही कोपरखैरण्याला तुझ्याच घरात राहायला आलो तेव्हा पहिली सात-आठ वर्षं तुझे जावई ती अधूनमधून चालवायचे, बहुतेक रविवारी, भाजी आणायला. मग त्यांनी एक उंच पांढरी गाडी घेतली, जिला गिअरच नाहीत, आणि तुझी झेन जिन्याशेजारच्या जागेत गेली. तिच्यावर राखाडी कव्हर चढलं. दर महिन्याला म्हणायचे, तिला एकदा सुरू करून बघायला हवं. असे महिने करता करता चार वर्षं गेली. माझ्याकडे लायसन्स होतं, तुला ठाऊक आहे. ते मी रेशनकार्डासारखं जपलं, वेळेवर नवं करून घेतलं, नव्या फोटोत थोडी जाड दिसले. पण स्टिअरिंगला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, वेळच मिळाला नाही हो. पंचवीस वर्षांत वेळ मिळाला नाही असं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडाकडे लोक कसे बघत असतील, याचा विचारही केला नाही.

मग उन्हाळ्यात एके दिवशी सेक्रेटरी दारात आले. तुला आठवतात का, कोपरी गावातले, तेव्हा कमिटीत नवीन होते आणि तुला वाकून नमस्कार करायचे. आता केस पिकलेत, पण आवाज तोच. हातात नोटीस होती. "ताई, चार वर्सं झाली, ही गारी जागची हालली नाय," ते म्हणाले. "चाकाखाली गवत उगावलंय. तिसऱ्या माल्यावरच्यांना गारी लावाया जागा नाय, ते रोज माज्या नावानं ओरडतान. भंगारवाला मी आनतो, तुमी फकस्त सही करा." तुझे जावई आतून म्हणाले, करून टाक, कोण चालवणार आहे तिला. ते वाईट बोलले असं नाही. खरंच कोणी नव्हतं. पण 'भंगार' हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ती चालते. सेक्रेटरी म्हणाले, "कोन चालवतंय?" मी म्हटलं, मी. "तुमी?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. मग जाताना म्हणाले, "दोन महिन्यांनी सभा हाय. तवर सोताहून चालत गेटाबाहेर जाऊन परत आली, तर जागा तुमची. नायतर ठराव होईल." मी दार लावलं. तुझे जावई माझ्याकडे बघतच राहिले होते, आणि मला एकदम जाणवलं की आता माघार घेतली तर या घरात मला पुढची वीस वर्षं कोणी सुखानं जगू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी कव्हर काढलं. आई, काय तिची अवस्था होती ते सांगवत नाही. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, चारी टायर बसले होते. पण दार उघडल्यावर आत अजून तुझा वास होता, म्हणजे कांद्याचा. सीटखाली हात घातला तर वाळलेल्या साली निघाल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात तुझं पिवळं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. आणि वायपरखाली तीन चिठ्ठ्या. कव्हर उचलून कोणीतरी वेगवेगळ्या वेळी ठेवलेल्या, एकाच अक्षरातल्या. "नमस्कार. ही गाडी द्यायची असल्यास कृपया कळवा. मी दलाल नाही. मला ही गाडी मनापासून आवडते." खाली फोन नंबर. एखाद्या मुलीला चिठ्ठी लिहावी तशी गाडीला लिहिलेली! मी फोन केला. तासाभरात एक पन्नाशीचे गृहस्थ हजर झाले. नेरुळला त्यांचा दाताचा दवाखाना आहे. मला नीट नमस्कारही न करता ते इस्त्रीच्या पँटनिशी खाली फरशीवर आडवे झाले आणि गाडीखाली बॅटरी मारून बघायला लागले. बाहेर आले तेव्हा पाठ काळी झाली होती आणि चेहरा देवदर्शन झाल्यासारखा. "मॅडम, पूर्ण ओरिजिनल आहे हो! व्हीलकॅपसुद्धा! अशी आता शोधून सापडत नाही." मी म्हटलं, विकायची नाही, चालवायची आहे, आणि मला चालवता येत नाही. त्यांनी हात पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग रविवारी बेलापूरला या. आमची मंडळी भेटतील."

ती मंडळी म्हणजे एक अजबच प्रकरण आहे. दहा-बारा जण, बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी सकाळी चहाच्या टपरीसमोर जमतात, आणि प्रत्येकाची गाडी म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असायची तसली. झेन, एस्टीम, बलेनो, पहिली-पहिली सिटी, एक लान्सर. बनलेल्या इथे, पण सगळ्यांची पत्रिका जपानची. बँकेतली माणसं ऑफिसला जायला घ्यायची त्या गाड्या. यांतली एकही कधी कोणाच्या स्वप्नात आली असेल असं मला वाटलं नव्हतं. पण हे लोक त्यांच्याभोवती गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखे उभे होते. या गाड्या हलक्या आहेत, म्हणत होते, बसल्यावर रस्ता कमरेला कळतो, स्टिअरिंग हाताशी बोलतं, गिअर टाकला की मनगटाला 'टक' असं समजतं. चालवणाऱ्याला काम करावं लागतं, म्हणून चालवण्यात मजा आहे. मी चहाचा ग्लास धरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हे सगळं तर आमच्या आईनं कधीच सांगितलं होतं, फक्त तिला कोणी ग्लास धरून ऐकत नव्हतं.

मग लान्सरवाल्यानं सगळ्यांना एक करामत दाखवायला बोलावलं. तो गाडी चढावर घेऊन गेला आणि उतरताना आमच्यासमोरून आला. क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटरला अगदी हलकासा टिचकीएवढा पाय लावला, परत क्लच दाबला आणि मग खालचा गिअर टाकला. सगळे वाहवा म्हणाले. दाताचे डॉक्टर मला समजावू लागले, "याला डबल क्लच म्हणतात मॅडम. इंजिनाचा आणि गिअरचा वेग जुळवून घ्यायचा. फार अवघड आहे, मी दोन वर्षं व्हिडिओ बघून शिकतोय, अजून नीट जमत नाही." आई, माझे कान गरम झाले. ग्लास कलंडून चहा साडीवर सांडला ते कळलंसुद्धा नाही. कारण मी आयुष्याची पहिली बावीस वर्षं ज्या बाईच्या हाताखाली काढली, ती मासळी आणायला निघाली तरी प्रत्येक सिग्नलला हेच करायची.

तू ते कुठून शिकलीस ते मी कोणालाही सांगायचे नाही. आता इथे लिहिते. आजोबा ओतूरहून कांद्याचा ट्रक भरायचे आणि माळशेज उतरून कल्याणमार्गे मुंबईच्या घाऊक बाजारात आणायचे. त्या जुन्या ट्रकला खालचा गिअर एका दाबात पडायचाच नाही. "घाटात एकदा न्यूट्रलला राहिला की मग ट्रक कोणाच्या बापाचं ऐकत न्हाई," असं ते म्हणायचे, आणि शेजारी बसलेली तू ते ऐकायचीस. पंधराव्या वर्षी त्यांनी तुला ओतूरच्या बाजाराच्या मोकळ्या पटांगणात ट्रकवर बसवलं. पाय पोचत नव्हते म्हणून पाठीमागे कांद्याचं पोतं. पुढे तू लग्न करून इकडे आलीस, वाशीच्या एपीएमसीत एका आडत्याच्या गाळ्यावर टेलिफोन सांभाळायला लागलीस, गावोगावच्या शेतकऱ्यांना दिवसाचा भाव सांगायचीस. बाबांना चष्म्यातूनही धड दिसत नसल्यामुळे घराचं आणि गाडीचं, दोन्ही स्टिअरिंग तुझ्या हातात आलं. झेन घरी आली तेव्हा तू तिच्याशी ट्रकसारखीच वागलीस. गरज नव्हती. या गाडीला एका दाबात गिअर पडतो. पण घाट तुझ्या पायात बसला होता.

मला शिकवायला तू मला घणसोलीकडच्या तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जायचीस. मी आधीच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं होतं आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. तू दोनदा दाब म्हणालीस, मी म्हटलं, आमचे सर सांगतात एकदाच दाबायचा, मला ट्रक नको शिकवू. आणि हट्टानं तिसऱ्यातून दुसरा इतक्या जोरात ओढला की गाडी ओरडली. तुला आठवत असेल. तू हात पुढे करून चावी फिरवलीस, काढलीस आणि मुठीत धरून बसलीस. "मारतीस काय गं तिला? आधी ऐक तरी. ती सांगती कवा गिअर पायजे ते." मग म्हणालीस, "सॉरी म्हण." मी विचारलं, तुला? "मला कशाला? तिला." मी म्हटलं नाही. तूही चावी दिली नाहीस. रस्त्याच्या कडेला बराच वेळ आपण दोघी तशाच बसून होतो, एक बकऱ्यांचा कळप येऊन गाडीभोवतीनं निघून गेला. शेवटी तूच हसलीस. मी नाही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, त्याच्या नंतरच्या दिवशीही. तेव्हा अजून सगळं ठीक होतं.

बिघडलं ते पोह्यांच्या दिवशी. बघायला आलेली मंडळी डोंबिवलीची, शिकलेली, माप काढणारी. पोहे झाले, प्रश्न झाले आणि त्यांना वाशी स्टेशनला सोडायला तू गाडी काढलीस. पुढे तुझ्या शेजारी सासूबाई, तेव्हा अजून फक्त मुलाची आई, आणि मागे मी, मुलाची बहीण आणि मुलगा असे दाटीवाटीनं. सेक्टर सतराच्या सिग्नलला तू नेहमीसारखा दोनदा क्लच दाबलास. सासूबाईंनी खाली पाहिलं आणि विचारलं, "गाडीत काही बिघाड आहे का हो? दोन-दोनदा दाबताय म्हणून विचारलं." तू तोंड उघडायच्या आत मी मागून म्हणाले, "अहो, आई ट्रकवाल्याची मुलगी ना. तिला अजून ट्रकच चालवतेय असं वाटतं." सगळे हसले. तूही हसलीस. पुढच्या सिग्नलला तू एकदाच दाबलास, तोही अर्धवट. गिअर पडताना बारीक 'खर्र' असा आवाज झाला, तुझ्या हातून पहिल्यांदाच.

त्यानंतर मी गाडीत असताना तू कधी दोनदा दाबला नाहीस. माझ्या लग्नानंतर माहेरी यायचे, तू मला आणायला यायचीस, आणि सगळ्या रस्त्याभर तो 'खर्र' ऐकू यायचा. मला वाटायचं, सुटली एकदाची सवय. बरं झालं, असंही वाटायचं. शिकवायलाही तू परत बोलावलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र माझ्या हातात झेनची दुसरी चावी ठेवलीस, पोत्याच्या सुतळीत ओवलेली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," म्हणालीस. मी ती दागिन्यांच्या डब्यात टाकली आणि विसरले. आता दोन महिन्यांपूर्वी शोधून काढली. सुतळी अजून टणक आहे.

गाडी तुर्भ्याला दाताच्या डॉक्टरांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे टो करून नेली. क्लच प्लेट गंजून चिकटली होती, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवावा लागणार होता. म्हातारा, बारीक चणीचा माणूस, पाटीशिवायचं गॅरेज आणि तोंडात अर्धी हिंदी. त्यानं सांगितलं की या मॉडेलमध्ये दुसऱ्या गिअरची रिंग हमखास गेलेली असते, त्यानं नवी आधीच आणून ठेवलीय, बॉक्स खोलला की बदलून टाकतो. ही रिंग म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. गिअर अडकायच्या आधी दोन्ही वेग जुळवायचं काम ती करते, आणि चालवणारा ते काम तिच्यावर टाकत राहिला की ती झिजते. शनिवारी मी गेले तर तो खोललेल्या बॉक्ससमोर स्टुलावर बसून चहा पीत होता. मला म्हणाला, "मॅडम, नवी रिंग मी वापस करतो. हे बघा, हात लावून बघा. दात एकदम करकरीत. एक लाख चाळीस हजार चालली हाय गाडी. मीटर खोटा तर नाय ना?" मी म्हटलं, खरा आहे. "मग चालवत कोण होता? आजकाल असा कोण चालवतो? घरात कोण ट्रकवाला होता काय?"

मी म्हटलं, "हो. माझी आई."

तो हसला नाही. मान हलवली, जणू हेच उत्तर त्याला अपेक्षित होतं, आणि रिंग फडक्यानं पुसून परत ठेवली. मी गॅरेजच्या दाराशी येऊन उभी राहिले. आई, मी हिशेबात इतकी वर्षं चुकले. तुझ्या जावयांनी चालवली ती जेमतेम बारा-पंधरा हजार. उरलेली सगळी तू. तू ती सवय सोडलीच नव्हतीस. मी गाडीत बसले की तेवढ्यापुरती सोडायचीस. मला माहेरी आणलंस, माझ्या बाळंतपणात रोज दवाखान्यात आलीस, गाळ्यावर गेलीस, मासळी आणलीस. मी शेजारी नसले की तू आजोबांची मुलगी असायचीस आणि मी बसले की माझी आई व्हायचीस. मला रडू आलं, आणि रागही आला. राग तुझा आला. मला एकदा सुनावायचंस तरी. चावी काढून घ्यायचीस, सॉरी म्हण म्हणायचंस. त्या दिवशीही म्हणायचंस.

तिथंच मी ठरवलं की नुसती गेटाबाहेर जाऊन परत येणार नाही. तुझ्यासारखी चालवीन. डॉक्टर मला शिकवायला तयार झाले, पण आधी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण ही गाडी मला द्या. मी कव्हरखाली ठेवीन, फक्त रविवारी काढीन, एक ओरखडा येऊ देणार नाही." मी म्हटलं, डॉक्टर, कव्हरखाली ती माझ्याकडेही चार वर्षं होती, काय झालं ते तुम्ही बघितलंत. मग दुसरी कुरकुर. "बरं, मग सरळ एकदाच क्लच दाबा. गरज नाहीये, रिंग उत्तम आहे." मी म्हटलं, ती उत्तम का आहे ते तुमच्या मेकॅनिकलाच विचारा.

पाच आठवडे, सुट्टीच्या दिवशी माझ्या कंपनीच्या मागच्या रस्त्यावर, जिथे तेव्हा चिटपाखरू नसतं. डॉक्टर शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहायचे. पहिल्या दिवशी गाडी सतरा वेळा बंद पडली, मोजणं त्यांनी चालवलं होतं, मी नाही. दुसऱ्या आठवड्यात सरळ चालायला लागली. दोनदा दाबणं मात्र जमेना. हातपाय वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे वागायचे. क्लच सोडायचा तेव्हा मी दाबून ठेवायचे, ॲक्सिलरेटरला टिचकीऐवजी लाथ बसायची, गाडी बोंबलायची. सत्तेचाळीसाव्या वर्षी दोन पाय आणि एक हात यांना एकमेकांशी ओळख करून देणं सोपं नाही. घरी खुर्चीत बसून पाय हलवत सराव करायचे. तुझे जावई एकदा विचारायला आले, पायाला मुंग्या आल्या का. पण मी हटले नाही. मेकॅनिकनं तेवढ्यात गाडी आरटीओत नेऊन पासिंग करून आणली, विमा उतरवला. शेवटच्या शनिवारी गाडी त्याच्याकडे तेल बदलायला ठेवली आणि रविवारी, सभेच्या दिवशी, मी डॉक्टरांना सांगितलं की मी एकटी नेणार. ते म्हणाले, मागून माझ्या गाडीतून येऊ का? मी म्हटलं, या, पण दिसू नका.

सुतळीची चावी लावली. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले. पुलावर चढेपर्यंत सगळं बरं चाललं. उतरताना समोर बसनं ब्रेक मारला, मला तिसऱ्यातून दुसरा हवा होता आणि घाई झाली. एकदाच, तोही अर्धवट दाबला गेला. खर्र! तोच आवाज, आई. माझ्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचा. मागून हॉर्न सुरू झाले. मी मोठ्यानं म्हणाले, "सॉरी." गाडीत कोणी नव्हतं, काच उघडी होती आणि शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं मी त्याला म्हणाले, त्यानं हातानं असू दे असं केलं. पण ते मी तिला म्हटलं होतं. तू घणसोलीच्या रस्त्यावर मागितलं होतंस ते, उशिरा का होईना. आपल्या सेक्टरच्या वळणावर पुन्हा दुसरा हवा होता. दाबला. न्यूट्रल. सोडला. टिचकी. दाबला. आणि गिअर आत गेला. आवाजच नाही. मला कळलंच नाही की तो पडला, इतका अलगद. हातानं ढकलला नाही, तिनं तो आपणहून घेतला. मला तिथं थांबून सगळ्या रस्त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण थांबले असते तर परत सुरू करावी लागली असती.

सभा पार्किंगमध्येच भरली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मी गेटातून आत आले तेव्हा सगळे वळून बघायला लागले. तुझे जावई उभेच राहिले. मी जिन्याशेजारी नीट लावली, दुसऱ्या प्रयत्नात. इंजिन बंद केलं, उतरले. काहीतरी कौतुक होईल अशी माझी तयारी होती. सेक्रेटरी कागद हातात धरून जवळ आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाखाली गवत नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "ताई, लाईटी चालू हायेत. बॅटरी उतरंल." मग खुर्चीकडे परत जाता जाता पेनानं कागदावर रेघ मारली आणि सभेला सांगितलं, "विषय क्रमांक चार रद्द." तिसऱ्या मजल्यावरचे काहीतरी पुटपुटले. त्यांना मी म्हटलं, सोमवार ते शनिवार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही जागा रिकामी असेल, खुशाल लावा, कारण मी कामाला याच गाडीनं जाणार आहे. काल गेले, आजही गेले. उद्याही जाणार आहे. बेलापूरची मंडळी म्हणतात पावसात काढू नका, पत्रा खराब होईल. मी काढणार. तू काढायचीस.

हे पत्र पिवळ्या फडक्याखाली कप्प्यात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी धाडस केलं नसतं, कारण एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली.

सेक्टर सतराच्या सिग्नलला मी जे बोलले ते माझ्या तोंडून निसटलं नव्हतं. आदल्या रात्रीपासून मला धास्ती होती की आजोबा ट्रकवाले होते हे त्यांना कळणार. सकाळी पोहे परतताना मी ठरवलं की आपणच आधी हसत सांगून टाकायचं, म्हणजे ती गंमत होईल आणि माझ्या अंगाला लागणार नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा वाक्य तयार होतं. मी फक्त संधीची वाट बघत होते. सगळे हसले तेव्हा तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस, आई. मी तुझी नजर पाहिली होती, आणि तरी हसत राहिले.